फिरत्या फाटकाची कळ कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात फाटकासारखा विषय यावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. जमीन, मजुरी, महागाई, धर्मांधता हे अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. दाराशी बसवलेला लोखंडी अडसर हा काय विषय झाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु सत्तेचे वास्तव्य केवळ विधानसभेत आणि मंत्रालयात नसते. ती दारातही उभी असते. सर्वसामान्य माणसाची तिच्याशी रोज जी गाठ पडते ती बहुधा कोणत्या तरी दाराशीच पडते. कारखान्याचे दार, इस्पितळाचे दार, स्टेशनचे, देवळाचे, मैदानाचे, सरकारी कचेरीचे दार. कोणाला आत घ्यायचे, किती जणांना, किती वेळाने, कोणत्या क्रमाने आणि काही विपरीत घडले तर बाहेर कसे काढायचे, याचा निर्णय तेथे होत असतो. हा निर्णय कोण घेतो आणि कोणाच्या हितासाठी घेतो, हा प्रश्न राजकीयच आहे.

इंग्रजीत ज्याला टर्नस्टाइल म्हणतात त्या फिरत्या फाटकाची रचना अगदी साधी असते. खांबाला तीन दांड्या बसवलेल्या असतात आणि त्यांतली एक नेहमी वाटेत आडवी असते. नाणे, तिकीट किंवा पास पटला की आतली खिट्टी सुटते. माणूस दांडी ढकलून पुढे जातो, चाक एक तृतीयांश फिरते, दुसरी दांडी आडवी येते आणि खिट्टी पुन्हा बसते. दातेरी चाकामुळे दांड्या उलट्या फिरत नाहीत. एका वेळी एकच माणूस, एकाच दिशेने आणि तोही मोजून, एवढेच हे यंत्र जाणते. त्याचा मूळ पूर्वज शेताच्या कुंपणात होता. माणसाला वाट मिळावी आणि गुरामेंढरांना मिळू नये, एवढाच त्याचा उद्देश. कोकणात गडग्याच्या वाटेवर आडवे बांबू लावतात, त्यामागचा विचारही हाच.

शेतातून हे फाटक शहरात आले ते व्यापाराच्या वाटेने. अमेरिकेतील मेंफिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स याने 'पिगली विगली' नावाचे दुकान उघडले. गिऱ्हाइकाने स्वतःच फडताळावरून माल उचलावा, अशी त्याची नवी पद्धत होती. फिरत्या फाटकातून गिऱ्हाईक आत शिरे, आखलेल्या एकाच वाटेने सगळ्या फडताळांसमोरून फिरे आणि पैसे घेणाऱ्याशी येऊन थांबे. दुकानातील नोकरांची संख्या कमी झाली आणि एकही माल गिऱ्हाइकाच्या नजरेतून सुटेनासा झाला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आरंभी कागदी तिकिटे होती आणि ती घेऊन नष्ट करण्यासाठी दाराशी माणूस बसवलेला असे. १९२०च्या दशकात नाणे टाकून फिरणारी फाटके तेथे आली आणि त्या माणसांची गरज संपली. पुढे १९५३ साली भाडे १० सेंटवरून १५ सेंट झाले. यंत्राला दोन वेगळी नाणी घेता येत नव्हती, म्हणून धातूचा खास बिल्ला पाडावा लागला, आणि तो थेट २००३ सालापर्यंत चालला. यंत्राच्या सोयीसाठी महानगराने आपले स्वतंत्र नाणे पाडले, असेच म्हणावे लागेल.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. फिरते फाटक दोन वेगळी कामे करते. एक काम मालकाचे: पैसे वसूल करणे, मोजणे, फुकट्याला अडवणे. दुसरे काम गर्दीचे: लोंढा संथ करणे, आत पेलतील तेवढीच माणसे आत सोडणे, पाठीमागचा रेटा पुढच्याच्या छातीवर येऊ न देणे. पहिल्या कामाचा हिशेब रोज संध्याकाळी रोकडीत मिळतो. दुसऱ्या कामाचा हिशेब वर्षानुवर्षे मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा तो प्रेतांच्या संख्येत मिळतो. म्हणूनच पहिल्या कामासाठी यंत्रे घेतली जातात आणि दुसरे काम आपोआप होईल असे गृहीत धरले जाते. हे गृहीत किती महाग पडते याचे सर्वांत दुःखद उदाहरण इंग्लंडमध्ये घडले.

१५ एप्रिल १९८९. शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या फुटबॉल संघांचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूल हे गोदी कामगारांचे शहर, आणि प्रेक्षकांत श्रमिक कुटुंबांतील तरुणांचा मोठा भरणा होता. त्यांना मैदानाची लेपिंग्ज लेन ही बाजू देण्यात आली होती. दुसऱ्या संघाच्या सुमारे २९,८०० प्रेक्षकांसाठी ६० फिरती फाटके होती, तर लिव्हरपूलच्या २४ हजारांहून अधिक प्रेक्षकांसाठी अवघी २३. त्यातही उभे राहून सामना पाहण्याची स्वस्त तिकिटे घेतलेल्या १०,१०० जणांच्या वाट्याला केवळ ७ फाटके आली.

येथे थोडे अंकगणित केले पाहिजे. एका फाटकातून तासाला फार तर ७५० माणसे जाऊ शकतात, असे त्या काळच्या सरकारी मार्गदर्शिकेतच नमूद होते. १०,१०० माणसे आणि ७ फाटके म्हणजे प्रत्येक फाटकाच्या वाट्याला १,४४० हून अधिक माणसे. सर्व काही सुरळीत चालले, एकही तिकीट अडले नाही, तरी त्यांना आत जायला जवळजवळ दोन तास लागणार होते. सामना तीन वाजता सुरू व्हायचा होता. अडीच वाजेपर्यंत साडेचार हजारांहून कमी प्रेक्षक आत गेले होते आणि सुमारे ५,७०० बाहेर होते. अर्ध्या तासात ७ फाटके अधिकात अधिक २,६०० माणसे सोडू शकत होती. उरलेल्यांचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्रैराशिक येणारा शाळकरी मुलगाही ते सांगू शकला असता.

फाटकांबाहेरच्या अरुंद जागेत माणसे चेंगरू लागली. तेव्हा पोलीस अधिकाऱ्याने २ वाजून ५२ मिनिटांनी बाजूचा मोठा दरवाजा उघडण्याचा आदेश दिला. सुमारे पाच मिनिटांत दोन हजारांवर माणसे आत शिरली. समोरच एक बोगदा होता. तो मधल्या दोन कोंडवाड्यांत उतरत होता, आणि ते आधीच भरले होते. कोंडवाडे हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. गुरांच्या कोंडवाड्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, तोच त्या जागेसाठी अधिकृत कागदपत्रांत वापरला जात होता. दोन्ही बाजूंना आणि पुढे मैदानाकडे लोखंडी जाळ्या होत्या. कडेच्या भागांत जागा रिकामी होती, पण बोगद्याच्या तोंडाशी लोकांना तिकडे वळवायला कोणी उभे नव्हते. सामना सुरू झाला आणि सहाव्या मिनिटाला थांबवावा लागला. तोवर जाळीशी चिरडून माणसे मरत होती. त्या दिवशी ९४ मेली आणि पुढे हा आकडा ९७ वर गेला. सत्त्याण्णवावी व्यक्ती ३२ वर्षे त्या दिवसाच्या इजा सोसून २०२१ साली मृत्यू पावली.

या घटनेतील एक तपशील प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या फाटकांना मोजणीची विद्युत यंत्रणा जोडलेली होती. एकूण किती माणसे आत गेली हे तिला कळत होते. पण त्यांतली किती कोणत्या कोंडवाड्यात गेली हे कळत नव्हते. एकूण आकडा मर्यादेत होता आणि माणसे मरत होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरीवरून देशाची सुबत्ता सिद्ध करणाऱ्या अर्थतज्ज्ञांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. सरासरी ठीक असते तेव्हाही एखाद्या कोंडवाड्यात श्वास कोंडत असतो.

पुढे जे झाले ते अधिकच लाजिरवाणे आहे. प्रेक्षकांनीच दरवाजा फोडला, असे पोलीस अधिकाऱ्याने त्याच दिवशी सांगितले. ते धादांत असत्य होते. वृत्तपत्रांच्या एका भागाने मृतांना दारुडे आणि चोर ठरवले. न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अंतरिम अहवालात पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हे मुख्य कारण असल्याचे नोंदवले. तरीही मृतांवरील कलंक पुसायला आप्तांना सत्तावीस वर्षे लढावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये पंचांनी निर्णय दिला की ही माणसे बेकायदेशीर कृत्यामुळे मारली गेली आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात काही दोष नव्हता. गरिबांची गर्दी चिरडली गेली की दोष गर्दीलाच द्यायचा, ही रीत काही एका देशाची नाही.

हे आधी कोणाला ठाऊक नव्हते, असेही नाही. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टन येथील बर्नडेन पार्क मैदानावर याच तऱ्हेने ३३ माणसे मेली होती. तेथे एका बाजूची फिरती फाटके युद्धकाळापासून बंद होती आणि सर्व भार उरलेल्या फाटकांवर आला. त्या दुर्घटनेच्या चौकशीने सांगितले की मैदानाच्या प्रत्येक भागात किती माणसे मावतात ते शास्त्रशुद्ध रीतीने ठरवावे आणि आत किती गेली हे एका ठिकाणी यंत्राने कळावे. त्रेचाळीस वर्षे मिळूनही हा साधा धडा पुरता गिरवला गेला नाही. उलट १९८९ साली मार्गारेट थॅचर यांचे सरकार फुटबॉल प्रेक्षकांना ओळखपत्रे देऊन ती फाटकाशीच यंत्राने तपासण्याचा कायदा करीत होते. न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात या योजनेला विरोध केला. त्यांनी दाखवलेल्या धोक्यांपैकी एक असा की यंत्र अडले तर फाटकाबाहेर पुन्हा तीच गर्दी साठेल. योजना गुंडाळली गेली. सरकारला प्रेक्षक हा संशयित वाटत होता. त्याच्या छातीवर किती भार येतो हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता.

दाराची दुसरी बाजू बाहेर पडण्याची. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या शिवण कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुण मुली होत्या. काम सुटताना मुलींनी एकाच दाराने जावे आणि त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, म्हणून दुसरे दार कुलूप लावून बंद ठेवलेले होते. कपड्याचा एखादा तुकडा चोरीला जाऊ नये, या काळजीची ही किंमत. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. मात्र कामगार संघटना गप्प बसल्या नाहीत, आणि त्यांच्या रेट्यामुळे न्यूयॉर्क राज्यात कारखान्यांच्या सुरक्षेचे कायदे झाले. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे धुरात गुदमरून मेली. तेथेही जादा खुर्च्यांसाठी वाटा अडवलेल्या होत्या आणि बाहेर पडण्याची दारे मोकळी नव्हती. आत येताना प्रत्येकाचे तिकीट काळजीपूर्वक पाहिले गेले होते. बाहेर पडण्याची काळजी करायला मात्र कोणी नव्हते, कारण बाहेर जाणाऱ्याकडून काही वसूल करायचे नसते.

आता वसुलीचा प्रश्न. ब्राझीलमध्ये शहरी बसच्या आतच फिरते फाटक असते. बसमध्ये चढलेला माणूस भाडे देऊन ते ओलांडतो. गरोदर स्त्री, हातात ओझे असलेला मजूर, मूल कडेवर घेतलेली आई यांना ते ओलांडणे किती कष्टाचे होते, हे सांगायला नको. तेथे भाडेमुक्त प्रवासाची मागणी करणाऱ्या तरुणांच्या चळवळीने या फाटकालाच विषमतेचे प्रतीक मानले. जून २०१३ मध्ये साओ पावलो शहरात बसभाडे ३ रेआलवरून ३ रेआल २० सेंतावो झाले. वीस सेंतावोंची ही वाढ. तिच्याविरुद्धचे आंदोलन पाहता पाहता देशभर पसरले आणि १९ जूनला वाढ मागे घ्यावी लागली. दहा वर्षांनंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, त्याच शहरात रविवारचा बसप्रवास मोफत करण्यात आला.

चिलीमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या मेट्रोचे गर्दीच्या वेळचे भाडे ३० पेसोंनी वाढून ८३० पेसो झाले. कमी भाडे हवे असेल तर पहाटे लवकर उठून प्रवास करा, अशा अर्थाचा उपदेश एका मंत्र्याने केला. दोन दोन तास प्रवास करून कामावर जाणाऱ्यांना हा उपदेश. शाळकरी मुलामुलींनी उत्तर दिले ते फाटकांवरून उड्या मारून. शेकडो मुले एकदम येत, फाटके ओलांडत आणि मागून येणाऱ्या प्रवाशांनाही वाट करून देत. १८ ऑक्टोबरला मेट्रो बंद पडली, आणीबाणी जाहीर झाली, रस्त्यावर लष्कर आले. दुसऱ्या दिवशी भाडेवाढ स्थगित झाली. पण लोक म्हणू लागले की प्रश्न तीस पेसोंचा नसून तीस वर्षांचा आहे. २५ ऑक्टोबरला एकट्या सांतियागोत दहा लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर उतरली. अनेकांचे प्राण गेले, शेकडो जणांच्या डोळ्यांना इजा झाल्या. वर्षभराने झालेल्या सार्वमतात ७८ टक्के मतदारांनी नव्या राज्यघटनेच्या बाजूने कौल दिला.

मात्र या कथेचा पुढचा भागही सांगितला पाहिजे, कारण कार्यकर्त्यांना तोच अधिक उपयोगाचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या घटनेचा मसुदा सुमारे ६२ टक्के मतांनी फेटाळला गेला. उजव्या पक्षांच्या प्रभावाखाली तयार झालेला दुसरा मसुदाही डिसेंबर २०२३ मध्ये फेटाळला गेला. फाटकावरून उडी मारणे हे एका क्षणाचे धैर्य आहे. फाटकाच्या जागी काय उभारायचे हे लोकांना पटवून देणे हे वर्षांचे काम आहे. पहिले उत्साहाने होते, दुसऱ्याला संघटना लागते.

या पार्श्वभूमीवर मुंबईकडे पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. मुंबईची उपनगरी रेल्वे जगातील सर्वांत गजबजलेल्या रेल्वेसेवांपैकी एक. तरी तिच्या स्टेशनांना फिरती फाटके नाहीत. प्रवासी तिकीट किंवा पास काढतो आणि सरळ फलाटावर जातो. मधूनच तिकीट तपासनीस भेटतो आणि विनातिकीट असलेल्याला दंड करतो. शहराचा सगळा व्यवहार या विश्वासावर आणि अधूनमधूनच्या तपासणीवर चालत आला आहे. याउलट जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोला दाराशी यंत्रे आहेत. घाटकोपरला एकाच माणसाला काही पावलांच्या अंतरावर या दोन्ही व्यवस्था भेटतात. लोकलच्या गर्दीच्या वेळी मुंबईच्या एखाद्या मोठ्या स्टेशनावर अशी यंत्रे बसवली तर काय होईल, याचे उत्तर वर केलेल्या त्रैराशिकातच आहे.

परंतु फाटक नाही म्हणून धोका नाही, असे समजणे ही घोडचूक ठरेल. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर २३ माणसे चेंगरून मेली. पाऊस पडत होता, लोक आडोशाला पुलावर थांबले होते, आणि गाड्यांतून उतरणाऱ्यांचा लोंढा मागून येतच होता. तो भाग एके काळी गिरणगाव होता. सकाळच्या भोंग्याला बदली कामगार ज्या गिरण्यांच्या दाराशी आज काम मिळेल का याची वाट पाहत ताटकळत, त्या गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. हजारो नवी माणसे तेथे रोज उतरू लागली. पूल आणि जिना मात्र तेवढाच राहिला. जमिनीचे मोल वाढवताना त्या जमिनीपर्यंत चालत येणाऱ्या माणसाच्या पावलाला किती जागा लागेल, याचा हिशेब कोणी मांडला नाही. अरुंद जिना हेही एक फाटकच असते. त्याला दांड्या नसतात आणि मोजणी नसते, एवढाच फरक.

२५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. तेथेही चिंचोळी चढण होती आणि नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या होत्या. वर किती माणसे आहेत हे खालच्याला कळण्याची सोय नव्हती. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाच्या दारांशी क्रिकेटच्या विजयोत्सवात ११ जण चेंगरून मेले. मैदानात काही दहा हजारांची जागा आणि बाहेर लोटलेला प्रचंड जनसमुदाय. प्रवेश कोणाला आणि कशाच्या आधारे मिळणार, याबद्दल पुरता गोंधळ होता. स्टेशन, देवस्थान आणि मैदान यांच्यात वरकरणी साम्य काहीच नाही. पण तिन्ही ठिकाणी येणाऱ्यांची संख्या आणि वाटेची रुंदी यांचा मेळ आधी कोणी घातला नव्हता.

मग फाटके नसावीत काय? असा सरसकट निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि म्हणूनच तो संशयास्पद आहे. नीट योजलेले फाटक दुबळ्याचे रक्षण करते. रेटारेटीत नेहमी धट्टाकट्टा पुढे जातो, तर रांगेत म्हातारी बाई आणि पहिलवान यांना सारखेच स्थान मिळते. लोखंडी दांडीला समोरच्याची जात कळत नाही आणि वशिलाही कळत नाही. या देशात ज्यांना शतकानुशतके देवळाच्या दाराशी माणसांनी अडवले, ज्यांना नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, ज्यांच्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले, त्यांना 'एकामागून एक, सर्वांना सारखे' या नियमाचे मोल निराळे सांगायला नको. प्रश्न निर्माण होतो तो या नियमाला बगल देणाऱ्या दुसऱ्या दारामुळे. अनेक देवस्थानांत पैसे भरणाऱ्याला वेगळ्या वाटेने झटपट दर्शन मिळते आणि बाकीचे तासन्‌तास दर्शनबारीत उभे राहतात. तेथे रांग ही समतेची व्यवस्था न राहता गरिबांवर बसवलेला वेळेचा कर होऊन बसते.

आणखी एक बदल ध्यानात घेतला पाहिजे. जुने फाटक माणसाला मोजत असे. नवे फाटक त्याला ओळखते. मॉस्कोच्या मेट्रोत ऑक्टोबर २०२१ पासून चेहरा दाखवून भाडे भरण्याची सोय आली. भारतात डिसेंबर २०२२ पासून काही विमानतळांवर चेहरा ओळखून दार उघडणारी व्यवस्था सुरू झाली. सोय म्हणून तिचे कौतुक होते. परंतु नाणे टाकणारा माणूस अनामिक होता. तो कोठे गेला, केव्हा गेला, मोर्चाला गेला की कामाला, याची नोंद त्या नाण्यात नव्हती. ओळखणारे दार उघडते तेव्हा नोंद ठेवते, आणि जे दार ओळखून उघडते ते ओळखून बंदही होऊ शकते. संपाच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराशी कोणाचा चेहरा यंत्राला पटणार नाही, हा प्रश्न कामगार संघटनांनी आजच विचारला पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावे काय? कोणत्याही दाराशी उभे राहून चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. पहिला, या दारातून मिनिटाला किती माणसे जाऊ शकतात आणि किती येणार आहेत? दुसरा, आतल्या प्रत्येक भागात किती मावतात आणि तो भाग भरल्याचे दारावरच्या माणसाला कसे कळते? तिसरा, आग लागली किंवा रेटा आला तर सगळी माणसे किती वेळात बाहेर पडतील, आणि ती दारे आत्ता, या क्षणी, उघडी आहेत काय? चौथा, दार उघडण्याचा आणि बंद करण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे, आणि तो माणूस गर्दी दिसेल अशा जागी उभा आहे काय? या प्रश्नांना तंत्रज्ञानाची पदवी लागत नाही. घड्याळ, वही आणि त्रैराशिक पुरते. तालुक्याच्या यात्रेआधी तहसीलदाराला, सणासुदीच्या आधी स्टेशनमास्तरला, सामन्याआधी आयोजकांना हे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत. दुर्घटनेनंतर निदर्शने करण्यापेक्षा हे काम कमी प्रसिद्धीचे आहे. ते अधिक मोलाचे आहे.

आणि हे प्रश्न स्वतःच्या घरापासून विचारावेत. पक्षाची सभा एखाद्या सभागृहात भरते. एकच दार उघडे असते, कारण दुसऱ्या दाराशी फलक आणि खुर्च्यांचा ढीग लावलेला असतो. पुढाऱ्यांची वाट मोकळी ठेवण्यासाठी स्वयंसेवक हातांची साखळी करून लोकांना रेटून धरतात. सभेला किती आले हे अभिमानाने मोजले जाते. ते बाहेर कसे पडणार हे कोणी मोजत नाही. येणाऱ्यांची संख्या हेच यश मानणारा पक्ष आणि तिकिटांची रोकड हेच यश मानणारा मालक यांच्यात, निदान दारापुरता, फरक उरत नाही. दुसऱ्याकडे उत्तर मागणाऱ्याने ते दुसरे दार आधी मोकळे करावे.

हिल्सबरोच्या त्या मैदानावर त्या दिवशी जाळीला लहान दारेही होती. ती आतून उघडत नव्हती. त्यांची कळ बाहेर होती, आणि बाहेरच्या माणसाला आतला आक्रोश आधी दंगा वाटला. ज्याच्या हाती कळ आहे त्याला आतल्या माणसाचा श्वास ऐकू यावा, आणि आतल्यालाही गरज पडल्यास ती कळ हाती लागावी, एवढी व्यवस्था उभी करणे हे काम लहान वाटेल. लोकशाही समाजवादाची उभारणी अशाच लहान कामांतून करावी लागते. पुढच्या यात्रेला, पुढच्या सामन्याला आणि पक्षाच्या पुढच्या सभेला तिची सुरुवात करता येईल.